टर्बो गाडीसाठी घरी ऑइल कॅच कॅन: मापं, जाळी, नळ्या आणि पाण्याच्या नळीची चाचणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. १.३ लिटरची टर्बो डिझेल गाडी, लाखभर किलोमीटर चाललेली, रोज सोलापूर शहरातून अक्कलकोट रोड एमआयडीसीत जा-ये. सर्व्हिसिंगच्या वेळी इंटरकूलरचा (टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा) होज काढला तर आतून तेल निथळलं. आता ब्रीदरच्या (इंजिनाच्या पोटातला, म्हणजे क्रँककेसमधला वायू टर्बोकडे नेणाऱ्या नळीच्या) वाटेत कॅच कॅन (त्या वायूतलं तेल अडवणारा डबा) बसवायचा आहे आणि तो घरीच करायचा आहे: स्टीलची पाण्याची बाटली, आत भांड्यांची तारेची घासणी, बाहेर पारदर्शक नळी. हे चालेल का, आणि मित्राच्या टर्बो पेट्रोल गाडीलाही असाच कॅन लावता येईल का?

बाटली नको, पारदर्शक नळी तर अजिबात नको. घासणी चालेल, पण पारखून घ्यावी लागेल. पेट्रोलचं गणित वेगळं आहे, ते शेवटी सांगतो.

आधी तेल येतंय कुठून ते पाहा. एअर फिल्टरकडून टर्बोकडे येणारा मोठा रबरी होज काढा आणि टर्बोच्या तोंडात बॅटरी मारून बघा. कंप्रेसरच्या पंख्याच्या अलीकडेच, म्हणजे ब्रीदरची नळी जिथे मिळते तिथपासून ओल असेल, तर तेल ब्रीदरमधून येतंय आणि कॅच कॅनचा उपयोग होईल. पंख्याच्या अलीकडे कोरडं आणि पलीकडे ओलं असेल, तर टर्बोचं सील किंवा टर्बोची ऑइल रिटर्न नळी तपासायला हवी. तिथे कॅन लावून काहीच साधणार नाही. पंख्याचा शाफ्ट बोटाने हलवून बघा: आडवा किंचित खेळ चालतो, पुढे-मागे हाताला जाणवेल इतका खेळ चालत नाही.

दुसरी तपासणी ऑइलच्या पातळीची. डिपस्टिकवर वरच्या खुणेच्या वर तेल भरलेलं असेल तर क्रँक ते घुसळतो आणि ब्रीदरमधून फवारा येतो. तिसरी एअर फिल्टरची, आणि अक्कलकोट रोडच्या बाजूला हे कारण बरेचदा सुटतं. यंत्रमागांच्या भागात हवेत सुताची भुकटी असते, तिच्यावर रस्त्याची धूळ बसते आणि फिल्टर ठरलेल्या किलोमीटरच्या आधीच चोंदतो. फिल्टर चोंदला की टर्बो जास्त जोराने ओढतो. ती ओढ ब्रीदरच्या नळीलाही लागते आणि क्रँककेसमधलं तेल त्या ओढीने वर येतं. नवा फिल्टर टाकल्यावरच तेल निम्म्यावर आलं तर नवल नाही.

चौथी पिस्टनच्या रिंगांची. इंजिन गरम, आयडलवर, ऑइल भरायचं झाकण सैल करून तसंच ठेवा. डिझेलमध्ये झाकण थोडं थरथरतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. झाकण उडत असेल आणि भसाभसा धूर येत असेल तर रिंगा किंवा बोअर गेलेत. ब्रीदरच्या आतला मूळ डायफ्रॅम फाटला असेल तरी तेल वाढतं. बऱ्याच डिझेल इंजिनांत तो टॅपेट कव्हरमध्येच (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणात) असतो.

हे सगळं ठीक असूनही थोडं तेल येतच राहणार. पिस्टनच्या रिंगांतून काही वायू खाली उतरतोच, तो तेलाचे बारीक थेंब घेऊन ब्रीदरवाटे टर्बोच्या तोंडाशी येतो. डिझेलमध्ये पुढे ईजीआरची (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेची) काजळी त्याला मिळते आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा थर बसतो. कॅच कॅनचं काम एवढंच: वायू जाऊ द्यायचा, थेंब अडवायचे. मोठे थेंब अडतात, अगदी बारीक धुकं निसटतं. त्यामुळे कॅन लावल्यावर इंटरकूलर कोरडा ठणठणीत होईल ही अपेक्षा ठेवू नका.

पण कॅन बनवताना सगळ्यात आधी सांभाळायची गोष्ट तेल नाही, वायूची वाट आहे. कॅनने वाट अडवली तर क्रँककेसमध्ये दाब चढतो. मग डिपस्टिक वर येते, टॅपेट कव्हरचं पॅकिंग पाझरतं, क्रँकचं मागचं सील जातं. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. टर्बोचं तेल स्वतःच्या वजनाने खालच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतं. खाली दाब असला तर ते उतरत नाही, सीलमधून बाहेर पडतं आणि थेट हवेच्या वाटेत जातं. डिझेल इंजिनाला असं भरपूर तेल मिळालं तर चावी बंद केली तरी ते त्या तेलावर पळत राहू शकतं. तेल अडवायला लावलेल्या कॅनने एवढं होऊ शकतं, म्हणून पुढच्या प्रत्येक मापात वाटेचा विचार आधी.

कंप्रेसरच्या लाइनला लावतात तो पारदर्शक वाटीचा छोटा वॉटर सेपरेटर बरेच जण उचलून आणतात. त्याची तोंडं पाव इंची असतात, आतलं भोक ६-७ मिमी. मिनिटाला ४० लिटर वायू धरला, तर १९ मिमीच्या नळीत त्याचा वेग सेकंदाला साधारण अडीच मीटर राहतो. ६ मिमीच्या भोकातून तोच वायू २३-२४ मीटर वेगाने घुसतो. अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. शिवाय ती पॉलिकार्बोनेटची वाटी तेलाच्या वाफेने आणि बॉनेटखालच्या उष्णतेने तडकते. पीव्हीसी पाइपचा कॅनही इथे नको. मे महिन्यात सोलापुरात बाहेरच पारा ४२-४३ अंशांवर असतो, बॉनेटखाली पीव्हीसी मऊ पडतं आणि सांधे सुटतात.

स्टीलच्या बाटलीचा पत्रा इतका पातळ असतो की निपल (होज चढवायचं तोंड) जोडताना भोक पडतं, जुळलंच तरी थरथरीने शिवण फाटते. जीआय पाइप आणि साधं लोखंडही टाळा. या वाफेत पाणी आणि आम्ल दोन्ही असतात. आतून गंज सुटतो आणि तो गंज बाहेरच्या तोंडातून टर्बोकडे जातो. छोट्या टर्बोचा पंखा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो, तिथे गंजाची खपलीही पात्याची कड खाते.

सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे डेअरी आणि डिस्टिलरीच्या पाइपिंगचं सामान. जिल्ह्यात साखर कारखाने, डिस्टिलऱ्या आणि डेअऱ्या आहेत, त्यामुळे त्यांची स्टेनलेसची कामं करणारे फॅब्रिकेटरही आहेत. त्यांच्याकडे ३ इंची एसएस ३०४ पाइपचे तुकडे पडलेले असतात. बाहेरून ७६ मिमी, पत्रा १.५ मिमी असा २१० मिमी लांबीचा तुकडा घ्या. सोबत ३ इंची टीसी (ट्राय-क्लॅम्प) फेरूल, म्हणजे क्लॅम्प बसणारी कडी, त्याचं ब्लँक झाकण आणि टीसी क्लॅम्प. फेरूल पाइपच्या वरच्या तोंडाला वेल्ड केला की झाकण एका चाकीने उघडतं, बोल्ट-फ्लँजची कटकट नाही. एक गोष्ट मात्र मागून घ्या: टीसीचं पॅकिंग दुकानदार बहुतेक सिलिकॉनचं देतो, आणि सिलिकॉन इंजिन ऑइलमध्ये फुगतं. नायट्राइल किंवा टेफ्लॉनचं मागा.

या तुकड्यात साधारण ८८० मिलि जागा होते. तळाला ३ मिमीची एसएस चकती वेल्ड करा, मधोमध पाव इंची सॉकेट. तळापासून मापं अशी: ८५ मिमीवर ५ मिमी भोकांची चकती टाक्यांनी पक्की. तिच्याखाली जमणारं साडेतीनशे मिलि तेल ब्रेक मारल्यावर किंवा घाटाच्या वळणात वर उसळत नाही. १०५ मिमीवर आत येणाऱ्या निपलचा मध्य. १२५ मिमीवर तीन छोटे कान वेल्ड करायचे, त्यांच्यावर जाळीचा संच बसतो. १९२ मिमीवर बाहेर जाणाऱ्या निपलचा मध्य.

आतलं निपल पाइपच्या मध्याकडे तोंड करून लावू नका, कडेला तिरकं लावा, म्हणजे वायू आतल्या भिंतीला घासत गोल फिरेल. मोठे थेंब तिथेच भिंतीला चिकटून खाली ओघळतात आणि जाळीवरचा भार कमी होतो. तोंड मध्याकडे असलं तर वायू समोरच्या भिंतीवर आपटून सरळ वर उसळतो. निपलांचं आतलं भोक टॅपेट कव्हरवरच्या मूळ नोझलपेक्षा जरासुद्धा लहान नको. नोझल व्हर्निअरने मोजा, मग निपलचा पाइप घ्या. पाऊण इंची पाइपचं बाहेरचं माप १९ मिमी असलं तरी आतून तो १६ च्या आसपासच भरतो, इथे बरेचदा फसगत होते. निपलच्या टोकाला लेथवर बारीक उंचवटा काढून घ्या, नाहीतर तेलकट होज क्लिपसकट घसरतो.

जाळीचा संच असा: ७२ मिमी व्यासाच्या दोन भोकांच्या चकत्या, मधून एम-६ चा आटे पाडलेला रॉड, दोन चकत्यांमध्ये ५० मिमी अंतर आणि त्यात स्टीलची जाळी. दोन्ही बाजूंना थरथरीने न सुटणारे नायलॉक नट. रॉडचं वरचं टोक झाकणाच्या २-३ मिमी खाली येऊ द्या, म्हणजे खड्ड्यात संच उडणार नाही आणि साफ करताना तोच धरून अख्खा संच वर काढता येईल.

जाळीला सगळ्यात चांगला माल म्हणजे डिस्टिलरीच्या कॉलमात वापरतात ती विणलेली डेमिस्टर जाळी, ०.२८ मिमी तारेची. तिचा उरलेला तुकडा मिळाला तर घासणीचा विचारच नको. नाही मिळाला तर घासणी घ्या, पण चुंबक लावून. चुंबक घट्ट चिकटला तर ती हलक्या प्रतीची, पाण्याने गंजणारी. अगदी हलका ओढला गेला तर चालेल, कारण ३०४ ची तारसुद्धा ओढताना किंचित चुंबकीय होते. घासणी हातात कुस्करून पांढऱ्या कागदावर झटका. तुकडे पडले तर ती परत स्वयंपाकघरात. साबण भरलेली आणि काथ्यासारखी बारीक लोखंडी लोकर तर कधीच नको.

एवढ्या जागेत ३० ते ४० ग्रॅम जाळी पुरे, म्हणजे बहुतेक दोन घासण्या. वजन करूनच भरा. माणूस दाबून दाबून भरतो, आणि ठासलेली जाळी तेलाने भिजली की बूच होते. घासणी चकत्यांच्या कडेबाहेर किंचित डोकावू द्या. कडेला फट राहिली तर वायू जाळी सोडून तिथूनच जातो.

वेल्डिंग आर्गनवरच. वेल्डरला आधीच सांगा की आतून चुरा, मणी, काळा कचरा राहता कामा नये. पाइपच्या आत आर्गन न सोडता वेल्ड केलं तर मागच्या बाजूला खरबरीत काळी खर येते, ती पुढे सुटते. निपल आणि तळ वेल्ड झाल्यावर आतून ग्राइंड करा, तारेच्या ब्रशने घासा, डिझेलने आणि मग साबणाच्या गरम पाण्याने धुवा, वाळवा, पांढऱ्या फडक्याने पुसा. फडकं स्वच्छ निघेपर्यंत धुणं संपत नाही.

गळती तपासायला एक निपल बंद करून दुसऱ्यातून सायकलच्या पंपाने थोडी हवा भरा आणि सांध्यांना साबणाचं पाणी लावा. पाव-अर्धा बार पुरे. कंप्रेसरची पूर्ण हवा सोडायची नाही.

तळाच्या सॉकेटला छोटा पितळी बॉल व्हॉल्व्ह आणि व्हॉल्व्हच्या तोंडात प्लग. नुसत्या व्हॉल्व्हचा दांडा थरथरीने किंवा कुणाच्या हाताने फिरला तर टर्बो तिथून गाळलेली नसलेली हवा ओढतो.

आता नळ्या. पारदर्शक पीव्हीसी नळी पहिल्या महिन्यात मऊ, नंतर कडक आणि पिवळी, आणि गरम असताना ओढीने चपटी होते. कूलंटचा होज दिसायला दणकट, पण तो ईपीडीएम रबराचा असतो आणि तेलाने फुगतो. रंगीत सिलिकॉन होजमधून तेल घामासारखं पाझरतं. आतून फ्लोरोसिलिकॉनचा थर असेल तरच घ्या. सरळ नायट्राइलचा, आत धाग्याची वीण असलेला ऑइल होज घ्या. तो १०० अंशांपर्यंत निवांत टिकतो. टर्बो किंवा एक्झॉस्टपासून हातभर तरी लांब न्या, तेवढी जागा नसेल तर त्या भागात उष्णतारोधक बाही चढवा.

टॅपेट कव्हरपासून कॅनपर्यंत होज उतरताच हवा. मध्ये पोट पडलं तर तिथे तेल-पाणी साचून वाटच बंद होते. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं आणि कॅन बॉडीला असतो, म्हणून होजला ४०-५० मिमी ढील ठेवा.

कॅनची जागा थंड हवी. वाफ तेल होऊन खाली बसायला भिंत थंड लागते. टर्बोशेजारी ९० अंशांवर तापलेला कॅन वाफ जशीच्या तशी पुढे जाऊ देतो. इथल्या उन्हाळ्यात तर हा मुद्दा सोडूच नका. हेडलाइटच्या मागे, बंपरच्या जाळीतून वारा लागेल अशी जागा शोधा. त्यासाठी होज प्रत्येकी मीटरभर लांब झाला तरी १९ मिमीला फरक पडत नाही. वेल्डिंगच्या आधी ३ इंची प्लास्टिक पाइपचा तुकडा त्या जागी धरून बॉनेट लावून बघा. कॅनला दोन पट्टे, पट्ट्यांखाली रबर, आणि ब्रॅकेट ३ मिमी पत्र्याचं.

बाहेरचं निपल परत एअर फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या होजवरच्या मूळ जागीच जोडा. परत न जोडता त्या निपलला छोटा फिल्टर लावून वायू हवेत सोडायची पद्धत काही ठिकाणी दिसते. तेलाचा वास ब्लोअरमधून केबिनमध्ये येतो, बॉनेट तेलकट होतं. पेट्रोल गाडीला तर क्रँककेसचा वायू बाहेर सुटता कामा नये ही मान्यता चाचणीचीच अट आहे. वॉरंटीतल्या गाडीला हे काहीच करू नका.

बसवण्याआधी आणि बसवल्यावर एक चाचणी करा, त्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी दीड-दोन मीटर घ्या, यू आकारात फळीला बांधा, दोन्ही बाजू किमान ६० सेंमी उंच. अर्ध्यापर्यंत कुंकवाचं पाणी भरा. एक टोक डिपस्टिकच्या नळीवर रबराने घट्ट बसवा, दुसरं उघडं. इंजिन गरम करून आयडल आणि २,५०० आरपीएमवर दोन बाजूंच्या पातळीतला फरक मोजून लिहा. मग कॅन जोडून तेच. कॅनमुळे फरक २ सेंमीपेक्षा जास्त सरकला तर वाट तुंबतेय: जाळी कमी करा, निपल बघा, होज कुठे मुरगळलाय ते बघा.

उभ्या गाडीत भार नसतो, म्हणून खरी परीक्षा चढावर. नळी लांब घेऊन डाव्या खिडकीतून आत आणा, फळी शेजारच्या माणसाकडे द्या आणि तुळजापूरचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढा. वाचायचं काम शेजारच्याचं, चालवणाऱ्याने तिकडे बघायचं नाही. पाणी भराभर चढू लागलं तर ॲक्सिलरेटर सोडा.

कॅन जोडण्याआधी इंटरकूलर आणि त्याचे होज उतरवून धुऊन वाळवा. हे टाळलं तर जुनंच तेल महिनाभर पुढे येत राहतं आणि कॅन निकामी आहे असा निष्कर्ष निघतो.

मित्राच्या टर्बो पेट्रोलकडे वळू. तिथे वायूला दोन वाटा असतात. आयडलला आणि संथ चालवताना मॅनिफोल्डमध्ये निर्वात असतो, तेव्हा वायू पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (क्रँककेसचा वायू मोजून सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून) तिकडे ओढला जातो. टर्बोने दाब चढवला की तो व्हॉल्व्ह मिटतो आणि वायू दुसऱ्या नळीने टर्बोच्या तोंडाशी जातो. एका वाटेवर कॅन लावला तर दुसरी मोकळीच राहते. शहरात फिरणाऱ्या गाडीत पीसीव्हीची वाट जास्त वेळ चालू असते, म्हणून एकच कॅन लावायचा तर पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्डच्या मध्ये.

दोन्ही वाटा एका कॅनमधून न्यायच्या तर बाहेरची तोंडं दोन लागतात आणि टर्बोकडच्या तोंडाला एकदिशा व्हॉल्व्ह. मॅनिफोल्डच्या बाजूला मूळ पीसीव्ही व्हॉल्व्ह कायम ठेवा, नाहीतर पूर्ण निर्वात थेट क्रँककेसला लागतो आणि सीलं शिट्टी वाजवू लागतात. एकदिशा व्हॉल्व्ह म्हणून मत्स्यटाकीचा प्लास्टिकचा नको. ब्रेक बूस्टरच्या नळीतला चालतो, कारण तो पेट्रोलच्या वाफेसाठी आणि निर्वातासाठीच बनलेला असतो. फक्त त्याचं भोक मोजून घ्या.

आणि गाडीत थेट इंजेक्शन (पेट्रोल सिलिंडरमध्येच) आहे की पोर्ट (पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या आधी), ते आधी विचारा. नेक्सॉनच्या १.२ टर्बो पेट्रोलसारख्या पोर्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल इनटेक व्हॉल्व्ह धुऊन काढतं, तिथे कॅनची निकड कमी. ह्युंदाईच्या १.० टी-जीडीआय किंवा फोक्सवॅगनच्या १.० टीएसआयसारख्या थेट इंजेक्शनमध्ये व्हॉल्व्हवर पेट्रोल पडतच नाही, कार्बन साठतो, आणि कॅनचा फायदा तिथे खरा. मात्र अशा बऱ्याच इंजिनांत सेपरेटर आणि पीसीव्ही ब्लॉकवरच्या एकाच पेटीत असतात, मॅनिफोल्डकडे जाणारी बाहेरची नळीच नसते. नळी नसेल तर पेटी कापून वाट काढू नका.

कॅन पहिल्यांदा ५०० किलोमीटरला उघडा, मग हजाराला. साचण्याचा वेग कळला की दर ऑइल सर्व्हिसला आणि मध्ये एकदा पुरतं. हजार किलोमीटरला १०-३० मिलि ठीक. १०० च्या वर गेलं तर पुन्हा रिंगा, डायफ्रॅम आणि फिल्टरकडे वळा. डिसेंबर-जानेवारीत, रोज चार-पाच किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत दुधाळ चहाच्या रंगाचं पाणी निघेल. एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं, त्यातलं थोडं इथे उतरतं. लगेच हेड गॅस्केट गेलं म्हणून घाबरू नका. कूलंटची पातळीही घटत असेल तेव्हा काळजी करा. उन्हाळ्यात नुसतं काळं तेल आणि तेही कमी निघेल.

निघालेलं तेल परत इंजिनात ओतू नका, त्यात पाणी, इंधन आणि आम्ल असतं. गटारातही नको, गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या बॅरलमध्ये टाका. जाळीचा संच वर्षातून एकदा डिझेलमध्ये बुडवून धुवा, पूर्ण निथळू द्या, आणि परत बसवताना पाण्याची नळी पुन्हा लावून मूळचा आकडा येतो का ते बघा.